तीन आकडे जाहीर करा!

मे २०२२ आठवते का? आपल्या नागपुरात रक्त चढवल्यावर थॅलेसेमियाच्या चार लेकरांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. एक दगावलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची नोटीस आली, बातम्या झाल्या, अन् आपण विसरलो.

रक्ताच्या त्याच वाटेनं हिपॅटायटिस सी पण येतो. गुपचूप. एचआयव्ही असलेल्याचं लिव्हर तो लवकर पोखरतो. पण राजेहो, हा आजार बरा होतो! बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या. १०० पैकी ९० हून जास्त बरे. एचआयव्ही असला तरी जवळपास तेवढेच. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात औषध फुकट आहे. एआरटीच्या काही गोळ्यांशी जमत नसेल, तर डॉक्टर औषध नाहीतर डोस बदलतात. उपचार टाळायचं ते कारण नाही.

मग अडते कुठे? तपासणीत. अन् "असले रोग कोणाले होतात, माहीत आहे" म्हणणाऱ्या तोंडांत. त्या लेकरांनी काय केलं होतं?

मागणी साधी आहे. जिल्ह्यात एआरटी घेणाऱ्या किती जणांची हिपॅटायटिस सी तपासणी झाली? किती पॉझिटिव्ह निघाले? किती जणांचा कोर्स पूर्ण झाला? नावं नकोत, फक्त आकडे. दर तीन महिन्यांनी.

औषध फुकट असून माणूस लिव्हरनं गेला, तर त्याले नशीब म्हणू नका.