पार्किंगमधला आंबा

दिंडोरी म्हटलं की माझ्या ऑफिसवाल्या मित्रमंडळींना वाइनची बाटली आठवते. लेबलवर ‘दिंडोरी रिझर्व्ह’ असतं ना, तेच हे गाव! मला मात्र आठवतो आत्याच्या अंगणातला आंबा. हापूस-बिपूस नाही हं, अस्सल गावठी रायवळ. आत्याच्या सासऱ्यांनी 1962 साली लावलेला. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं पुणे, बंगळुरू, झालंच तर न्यू जर्सीपर्यंत पोचलंय. आमच्या खानदानाचं नेटवर्किंग म्हणतात ते हेच.

गेल्या डिसेंबरात दोन दिवस थंडी खायला गेले होते. शेजारच्या निफाडचा पारा पाचच्या खाली घसरल्याच्या बातम्या आपण कॉफी पीत वाचतो. इथे मात्र घडांना थंडी बाधू नये म्हणून लोक पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसतात. हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत ओठ फुटतात. अशा हवेत अंगणात शिरले आणि बघतच राहिले. आंब्याच्या शेंड्याकडची पानंच गायब! वरच्या फांद्या म्हणजे नुसत्या काटक्या. त्यातलीच एक आदल्या आठवड्यात दादाच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या, नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडली होती.

‘‘काढूनच टाकतो आता,’’ दादा म्हणाला. ‘‘नाहीतर निम्म्यावर छाटतो. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वर्षातून दोनदा कात्री लावतो, वेल मरतो का? उलट जोमात फुटतो. फुटला तर आंबा, नाही फुटला तर सरपण!’’

आत्या मटार सोलत होती. काही बोलली नाही. आत्या बोलत असते तेव्हा कुणाला टेन्शन नसतं, गप्प बसली की सगळ्यांना येतं.

इथे एक कन्फेशन देणं भाग आहे. 2021 मध्ये दादाचं लग्न ठरलं तेव्हा अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची आयडिया माझी. नेटवरचे फोटो मीच दाखवले होते. चिखल नाही, धूळ नाही, गाडी आत, मांडवही मस्त दिसेल! ठेकेदाराने खाली काँक्रीटचा थर दिला, वर ब्लॉक. बुंध्याभोवती दोन फुटांचा पार बांधला, त्यात माती भरली आणि वर चकचकीत टाइल्स. लग्नाच्या अल्बममध्ये तो पार जाम भारी आलाय.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला. त्याने झाड बघितलंच नाही. म्हणाला, ‘‘कॅमेरा खाली घे. जमीन दाखव.’’ मग पाच मिनिटं नुसता शिव्या देत होता.

आपण शाळेत झाड काढायचो तेव्हा खाली गाजरासारखं एक लांब मूळ काढायचो. मोठ्या झाडाचं असं नसतं. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. दिंडोरीत पाऊस मुख्यतः चार महिने, बाकीचे आठ महिने कोरडे. त्या चार महिन्यांचं पाणी आमच्या ब्लॉकवरून सरळ गटारात जात होतं. मोठं झाड लगेच तक्रारही करत नाही. साठवलेल्यावर काही वर्षं ढकलतं आणि मग शेंड्याकडून वाळायला लागतं. म्हणजे डिसेंबरात दिसलेलं दुखणं चार वर्षांपूर्वीचं होतं. माझ्या आयडियाइतकंच जुनं!

पाराचा फंडा तर मला माहीतच नव्हता. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीपाशी बेलबॉटमसारखा पसरट होत जातो. तो विजेच्या खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसला, तर समजायचं की कुणीतरी भर घालून त्याला पुरलंय. तिथली साल सतत ओली राहून कुजते. तुमच्या सोसायटीतल्या झाडांकडे आज संध्याकाळी जरा बघा. निम्मी तरी खांब निघतील, पैज लावा.

रविवारी पार फुटला. ब्लॉक मात्र हातानेच उचलले. जेसीबी आणला असता तर उरलीसुरली मुळंही गेली असती. दादाने गाडीपुरती एक पट्टी सोडू दिली नाही म्हणजे नाही, तेव्हा तिथे तह झाला. पाण्यासाठी त्याच्याच बागेतली जुनी ठिबकची नळी आणली आणि बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या टोकांखाली गोल फिरवली. पंचवीस ड्रिपर, प्रत्येकी तासाला चार लिटर. पाच तास चालवलं की पाचशे लिटर, तेही हळूहळू मुरणारं. असं दर पंधरा-वीस दिवसांनी. बुंध्याशी रोज बादलीभर ओतायची आपली सवय म्हणजे तहानलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालणं.

एक गोची होती. आंब्याला मोहोर यावा म्हणून थंडीत पाण्याचा ताण देतात. तेव्हा पाणी दिलं तर मोहोराऐवजी पालवी येते. मित्राने स्पष्टच विचारलं, ‘‘यंदा लोणचं हवंय की झाड?’’ सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. तिने मटाराचं सूप उतू जातंय का ते बघितलं आणि म्हणाली, ‘‘नळी सोडा.’’

वाळलेल्या फांद्या काढायच्याच होत्या. ॲलेक्स शायगो नावाचा एक अमेरिकन शास्त्रज्ञ होता. त्याने आयुष्यभर करवतीने हजारो झाडं उभी चिरून आत काय चालतं ते पाहिलं. त्याचं म्हणणं, झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नसते. झाड कुजलेला भाग आत कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड वाढवतं. म्हणून फांदी बुंध्याला घासून कापायची नाही. फांदी फुटते तिथे कॉलरसारखा फुगवटा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या जरा बाहेर कापायची. आधी लांबवर खालून अर्धा काप, मग वरून कापून वजन उतरवायचं, शेवटी नेमका काप. नाहीतर फांदी सालीची पट्टी ओढत खाली येते. दादाचा निम्म्यावरचा प्लॅन इथेच बाद झाला. द्राक्षात आपण वर्षाभराची काडी छाटतो, इथे मांडीएवढी चाळीस वर्षांची फांदी. तिची उघडी पडलेली जखम झाकायला या आंब्यापाशी ताकदच नव्हती.

कापावर काय लावायचं यावरून मात्र भांडण झालं. शायगो म्हणतो, लेप लावून कूज थांबत नाही. दादा म्हणतो, बोर्डो पेस्ट लावायचीच! एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आपल्याकडचे शेतीतज्ज्ञही हीच सांगतात. द्राक्षवाल्यांचा बोर्डोवर भारी जीव, आणि का नसावा? फ्रान्समध्ये रस्त्याकडेचे घड चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. त्या वेलींवर केवडा पडत नाही, हे मिलार्देच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगजाहीर केलं. शेवटी पेस्ट लागली. घरात शांतता हवी असेल तर शायगोला थोडं बाजूला ठेवावं लागतं.

‘‘आपल्याच अंगणातलं झाड, आपण काय वाट्टेल ते करू,’’ हे दादाचं पेटंट वाक्य. त्यावर एक माहिती. वृक्षतोडीवरच्या 1964 च्या राज्याच्या कायद्यातल्या यादीत आंबा आहेच. नागरी भागांसाठीच्या 1975 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त वर्षं वयाचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं. आमचा आंबा साठी ओलांडलेला. हे वाचून दाखवलं तेव्हा दादा म्हणाला, ‘‘म्हणजे मला पेन्शन नाही आणि याला संरक्षण!’’

आत्याने पालापाचोळा जाळायचं बंद केलंय. सगळा घेरात पसरते, फक्त बुंध्यापासून वीतभर लांब. वाळवी लागेल म्हणून शेजारच्या काकू रोज घाबरवून जातात.

मार्चमध्ये दादाने फोटो पाठवला. खालच्या दोन फांद्यांवर तांबूस पालवी. शेंडा अजून तसाच बोडका. मित्र म्हणतो, दोन-तीन पावसाळे थांबा, आताच काही विचारू नका. दादाने दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय.

मे महिन्यात आत्याने पहिल्यांदाच बाजारातून कैऱ्या आणल्या. बरणी माझ्याकडे पोचली. चवीला ठीक आहे. फोनवर मी ‘मस्त झालंय’ म्हणाले, तर पलीकडून आवाज आला, ‘‘खोटं बोलू नकोस. आणि ब्लॉक विकत घेणारं कुणी असेल तर बघ, मागच्या अंगणात ढीग पडलाय.’’