नवा संगणक, जुने रोगवाहक

बारावीचा निकाल लागला की घरोघरी नवे लॅपटॉप येतात. खोक्यावर हळदकुंकू वाहून होते न होते तोच घरातला तरुण जुना संगणक सुरू करतो, त्यातले फोटो, गाणी, गेम, ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर असा सगळा संसार पेनड्राइव्हवर घेतो आणि नव्या यंत्रात ओततो. वाय-फायचा पासवर्ड त्याआधीच टाकलेला असतो. त्याच वाय-फायवर आठ-दहा वर्षांचा जुना संगणक, सगळ्यांचे फोन, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा ही मंडळी अगोदरपासून नांदत असतात. बाळंतिणीच्या खोलीत येणाऱ्याला हात धुवायला लावणारे, खोकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणारे घर संगणकाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी बाळ सगळ्यांच्या मांडीवर देऊन मोकळे होते.

नवे यंत्र बहुधा निरोगी असते, पण त्याचे लसीकरण अर्धवट असते. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरी येईपर्यंत काही महिने गेलेले असतात. त्या काळात सापडलेल्या त्रुटी बुजवणारे अपडेट त्याला मिळालेले नसतात. असे संगणक किती काळ टिकतात याचे मोजमाप एके काळी होत असे. सॅन्स या संस्थेच्या २००४ सालच्या नोंदींनुसार, अपडेट न केलेला विंडोज संगणक थेट इंटरनेटला जोडला तर साधारण २० मिनिटांत त्याला कीड लागे. त्यासाठी कोणी काही उघडायचीही गरज नसे. पुढे विंडोजमधली फायरवॉल मुळातच सुरू राहू लागली, घराघरांत राऊटर आले आणि बाहेरून होणारा हा मारा बराच अडला. मात्र राऊटर हे घराभोवतीचे कुंपण आहे. आतल्या खोल्यांना दारे ते सहसा लावत नाही. कुंपणाच्या आत एक जरी यंत्र बाधित असेल, तर इतरांपर्यंत त्याची वाट मोकळी असते.

ही वाट किती घातक ठरते, हे रुग्णालयांनी अनुभवले आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची कीड दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत पसरली. विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीतल्या एका भोकातून ती शिरे, शेजारचे संगणक शोधे आणि त्यांतही जाई. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ न्यासांना (ट्रस्टना) त्याचा फटका बसला. रुग्णांना दिलेल्या ६,९१२ वेळा रद्द झाल्याची नोंद आहे, आणि प्रत्यक्ष आकडा १९ हजारांच्या पुढे असावा असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज होता. आपत्कालीन रुग्णांना काही भागांत दूरच्या रुग्णालयात न्यावे लागले. हे भोक बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. म्हणजे लस ५९ दिवस आधी उपलब्ध होती, फक्त टोचून घेतलेली नव्हती. गोवराच्या साथीत ज्यांनी असे काही पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणक यंत्रणा अशाच हल्ल्यात बंद पडली. जवळपास दोन आठवडे केसपेपरपासून डिस्चार्जपर्यंत सगळे कागदावर चालले. पाच सर्व्हर बाधित झाले होते. त्यामागे सरकारने संसदेत सांगितलेले कारण घरोघरी लागू पडावे असे आहे: जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती. क्षयरुग्ण आणि प्रसूत माता एकाच वॉर्डात ठेवू नयेत, हे ज्या संस्थेत शिकवले जाते तिथली ही गोष्ट.

अपडेट एवढेच पुरत नाही, हेही २०१७ मध्येच दिसले. त्या वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही कोलमडले. ही कीड एका संगणकातून पासवर्ड चोरून ते शेजारच्यांवर वापरत असे. त्यामुळे अपडेट असलेली यंत्रेही पडली. जुन्या आणि नव्या संगणकाला एकच पासवर्ड देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा पहिले दोन तास विलगीकरणाचे. नवे यंत्र घरच्या वाय-फायऐवजी फोनच्या हॉटस्पॉटवर किंवा राऊटरमधल्या ‘गेस्ट’ जाळ्यावर घ्यावे. विंडोज ‘पब्लिक की प्रायव्हेट’ असे विचारते तेव्हा पब्लिक निवडावे. म्हणजे शेजारच्या यंत्रांना ते सहज दिसत नाही. सगळे अपडेट संपेपर्यंत, मध्ये दोन-तीनदा बंद-चालू करावे लागले तरी, दुसरे काही करू नये. विंडोजसोबत येणारे डिफेंडर घरगुती वापराला पुरेसे आहे. रोजच्या कामासाठी ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ नसलेले वेगळे खाते उघडावे.

जुना माल त्यानंतर, आणि तोही निवडून. पेनड्राइव्ह आधी तपासावा. फोटो आणि कागदपत्रे घ्यावीत, सॉफ्टवेअर मात्र मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच नव्याने उतरवावीत. ‘सगळं टाकून देतो, साहेब’ म्हणणारा दुकानदार इथे सगळ्यात धोक्याचा. तो टाकून देतो त्या बनावट विंडोज आणि ऑफिसच्या ‘अॅक्टिव्हेटर’ची पहिली अट बहुधा अँटिव्हायरस बंद करण्याची असते. लस घेऊ नका आणि माझ्या पुडीवर विश्वास ठेवा, असे सांगणाऱ्या वैदूला हाकलून देणारी सुशिक्षित माणसे ही अट मुकाट्याने मान्य करतात, हे अजब आहे.

जुन्या यंत्राचे काय, हा प्रश्न उरतोच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक उत्तम चालतात, लक्षणे काही दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते वाहक म्हणून वाईट. त्यांना गेस्ट जाळ्यावर ठेवावे किंवा इंटरनेटपासून तोडावे. वैद्यकात नसलेली एक सोय इथे आहे: सगळे पुसून विंडोज नव्याने घालता येते, म्हणजे रुग्णाचा पुनर्जन्मच. कॅमेरा आणि राऊटरचे कंपनीने दिलेले पासवर्डही त्याच दिवशी बदलावेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ने जगभरचे कॅमेरे वेठीला धरले ते अशाच ठरीव पासवर्डांची छोटी यादी वापरून. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना सारखे पासवर्ड देऊन उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी घातली. इथेही ती घालायला हरकत नसावी. अपडेट न करता लॅपटॉप ग्राहकाच्या हाती देणाऱ्या दुकानांनाही थोडी शिस्त लावता येईल.

यात सर्वाधिक दोष डॉक्टरांकडे जातो. तालुक्याच्या गावी खाली दवाखाना, वर घर आणि दोन्हीकडे एकच वाय-फाय हा सर्रास दिसणारा नमुना आहे. मुलाने वर उतरवलेल्या फुकट गेममधून आलेली कीड खालच्या संगणकात पोहोचली, तर एचआयव्हीच्या चाचण्या, गर्भपाताच्या नोंदी, मनोरुग्णांचे केसपेपर सगळे पणाला लागते. रुग्णाने ते त्या डॉक्टरच्या भरवशावर सांगितलेले असते. दवाखान्याचे जाळे वेगळे हवे, आणि नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवायला हवी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर कीड मूळ नोंदींबरोबरच कुलूपबंद करते.

संगणकावर खंडणीची सूचना झळकलीच, तर आधी वाय-फाय तोडावे आणि त्याच जाळ्यावरची बाकीची यंत्रेही वेगळी करावीत. पैसे भरून फायली परत मिळतील याची खात्री नसते. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि बाधित यंत्र साफ करण्याची साधने केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ती मात्र दुसऱ्या, निरोगी संगणकावर उतरवून घ्यावीत.