जुन्या गाडीचा कार्बोरेटर: नवीन बसवायचा की ट्यूनिंगचे पैसे मागायचे?



गॅरेज टाकायच्या तयारीत असलेल्या मुलांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, कार्बोरेटरचा जमाना गेला, आता ते शिकून काय करू?" माझं मत उलटं आहे. काम करणारे हात कमी झालेत आणि गिऱ्हाईक अजून आहे, अशा ठिकाणीच कमी भांडवलाच्या माणसाला जागा मिळते.

गिऱ्हाईक कोण, ते बघा. मारुती 800 आली 1983 साली आणि 2000 च्या आसपास इंजेक्शनवर गेली. मधल्या काळातल्या कार्बोरेटरवाल्या 800 आजही घराघरात जपून ठेवलेल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेली, पण घरगुती पद्मिनी सांभाळणारे हौशी लोक आहेतच. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून जो माणूस वडिलांची गाडी ठेवतो, तो पैशाला मागेपुढे बघत नाही. त्याला फक्त विश्वासाचा मेकॅनिक सापडत नाही.

आता खरा मुद्दा. गाडी आचके देते, ॲव्हरेज पडलंय, आयडलिंगला बंद पडते. गिऱ्हाईकाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: "काका, कार्बोरेटर गेला, नवीन टाका." सोपं आहे ना! अर्ध्या तासाचं काम आणि पार्टवर मार्जिन. पण बऱ्याचदा कार्बोरेटरचा दोषच नसतो. खालचा गॅस्केट चिरलेला असतो, व्हॅक्यूमचा पाइप फाटलेला असतो, टायमिंग सरकलेलं असतं, नाहीतर टॅपेट सेटिंगच बिघडलेली असते. नवीन बसवला तरी चार दिवसांनी काका परत दारात उभे. तोवर तुमचं मार्जिनही गेलेलं असतं आणि नावही.

त्यात आता पेट्रोलही बदललंय. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जेट तोच ठेवला तर मिक्स्चर आपोआप पातळ होतं. पिकअपला गाडी अडखळते, सकाळी लवकर चालू होत नाही. जुने रबराचे डायफ्रॅम आणि सील फुगतात किंवा कडक होतात. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत ओलावा धरला जातो, फ्लोटच्या वाटीत पांढरी घाण साचते. गंमत म्हणजे जुन्या मापाचा नवाकोरा कार्बोरेटर आणलात, तरी त्याचा जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचाच असणार. ट्यूनिंग चुकत नाही. मग आधीच का करू नये?

म्हणून माझा आग्रह आहे की क्रम ठरवून घ्या. आधी प्लग, टायमिंग, टॅपेट, हवेची गळती. त्यानंतर कार्बोरेटर खोलायचा, जेट साफ करायचे (तार घालून नाही हं, भोक मोठं झालं की जेट वाया, हवेच्या प्रेशरनेच), किट टाकायचं, फ्लोटची उंची मापात आणायची. मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एअर फिल्टर जागेवर ठेवून, मिक्स्चर स्क्रू हळूहळू फिरवायचा. आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे थांबायचं, आयडल खाली आणायचं, पुन्हा एकदा तेच. चार दिवस गाडी चालवून झाली की प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

नवीन कधी टाकायचा? थ्रॉटलचा शाफ्ट हाताने हलतोय, बॉडी वाकलीये, तिथून हवा आत शिरतेय, तर स्क्रू कितीही फिरवा, आयडल स्थिर होणार नाही. तिथे शाफ्टला बुश मारणारा टर्नर जवळ नसेल तर बदलणंच बरोबर, आणि तसं गिऱ्हाईकाला शाफ्ट हलवून दाखवून सांगा.

आता दराचं बोलू. समजा, नवीन कार्बोरेटरवर तुम्हाला 800 रुपये सुटतात आणि ट्यूनिंगला अडीच तास जातात. लोक ट्यूनिंगचे 300 रुपये मागतात आणि मग म्हणतात परवडत नाही. अहो, कसं परवडेल? तपासणीचे वेगळे आणि ट्यूनिंगचे वेगळे, मिळून 1500 सांगा. "फक्त स्क्रू तर फिरवला" असं कोणी म्हणालं तर चिडू नका, पुरावा द्या. काम सुरू करण्याआधी पीयूसीवाल्याकडे रीडिंग घ्या, झाल्यावर पुन्हा घ्या. बीएस-2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. दोन्ही कागद बिलाला जोडून दिले की घासाघीस बरीच कमी होते.

सामानही फार लागत नाही. टायमिंग लाइट, आरपीएम मीटर, व्हॅक्यूम गेज आणि छोटा कॉम्प्रेसर. किटचा साठा करू नका, मॉडेलप्रमाणे माप बदलतं. गाडी बघा, मग मागवा. आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. फेकायचे की ठेवायचे ते त्याला ठरवू द्या.