शाळेचा दर्जा आणि कापसाचा हंगाम

शाळा पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम भिंत पाहतो, आणि बहुधा भिंतच पाहून परत येतो. हल्ली जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती पाहण्यासारख्या झाल्या आहेत, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. आगगाडीच्या डब्यासारखा रंगविलेला व्हरांडा, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले पाढे, खांबांवर मराठी महिन्यांची नावे आणि दर्शनी बाजूस थोर पुरुषांच्या व सावित्रीबाईंच्या तसबिरी, असा थाट आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मोठ्या गावांतच नव्हे, तर कोलामांच्या पोडांवर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवरदेखील आढळतो. लोकवर्गणी करून, प्रसंगी पदरमोड करून शिक्षकांनी ही रंगरंगोटी केलेली असते, तेव्हा तिची टवाळी करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पायऱ्यांवर चढलेले पाढे मुलांच्या डोक्यात कितपत उतरले आहेत, हे भिंत सांगत नाही, आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातले, थोड्याबहुत कोरडवाहू जमिनीचे धनी असलेले माझे एक परिचित यंदा मुलीचे नाव पहिलीत घालावयाचे म्हणून मला विचारते झाले, "भाऊ, आपल्या गावची शाळा बरी हाये का? का तालुक्याच्या कान्व्हेंटात टाकू पोरीले?" त्यांच्या मनातील तराजू कोणता, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळले. शेजाऱ्याचा मुलगा गळ्यात टाय बांधून सकाळी पिवळ्या गाडीत बसतो, पाहुणे आले म्हणजे इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतो, आणि ज्या शाळेची फी कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून भरावी लागते ती शाळा फुकट शाळेपेक्षा बरी असलीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. मालाची पारख भावावरून करण्याची ही रीत बाजारात पुष्कळदा चुकते, हे आमच्या कापूस उत्पादकाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असेल! तरीही मुलांच्या बाबतीत तो तीच रीत वापरतो, कारण दुसरी रीत त्याच्या हाती कोणी दिलेलीच नाही.

सरकारची मोजपट्टी अर्थातच अधिक सुबक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे 30 मुलांमागे एक या प्रमाणात शिक्षक, पाचवीपर्यंतच्या वर्गांस वर्षाकाठी किमान 200 दिवसांचे अध्यापन, मुलामुलींस वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, क्रीडांगण व ग्रंथालय अशी यादीच घालून दिली. पुढे ‘शाळा सिद्धी’ या नावाचा तक्ता आला. त्यात 7 क्षेत्रे आणि 46 मानके असून, मुख्याध्यापकाने आधी स्वतःच आपल्या शाळेचा स्तर ठरवावयाचा आणि बाहेरचे मूल्यमापन त्यामागून यावयाचे, अशी त्याची व्यवस्था आहे. आपल्याच परीक्षेत आपणच परीक्षक झालेल्या मनुष्याने कठोर राहावे, ही अपेक्षा ऋषिमुनींच्या काळी कदाचित ठीक असेल. या मोजपट्ट्या निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहास कडी नाही आणि टाकीत पाणी नाही, अशा ठिकाणी अध्यापनपद्धतीची चर्चा करीत बसणे हा शुद्ध वावदूकपणा होय. एवढेच की हा सारा पंचनामा इमल्याचा आणि दप्तराचा असतो. मुलापर्यंत तो क्वचितच पोचतो.

शाळा तपासण्याचा प्रश्न आपल्याकडे आजचा नव्हे. 19 ऑक्टोबर 1882 या तारखेच्या, हंटर शिक्षण आयोगास सादर केलेल्या आपल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांच्या देखरेखीवर नेमके बोट ठेवले होते. डिपोटीने, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टराने, वर्षातून एकदा येऊन जाण्याने फारसे काही साधत नाही, तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, आणि अधूनमधून कोणतीही आगाऊ वर्दी न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. गावच्या व जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबण्यात अर्थ नाही, त्यांच्या मागे इतकी कामे असतात की त्यांची परीक्षा वरवरचीच होते, असेही त्यांनी त्याच निवेदनात बजावले. तो डिपोटी गेला, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जनपद सभा गेल्या, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी आले. परंतु वर्दी देऊन येण्याचा शिरस्ता काही मोडला नाही. साहेब येणार अशी वार्ता आली की आदल्या दिवशी अंगण सारवले जाते, खिचडीत वाटाणे वाढतात, आणि कोणत्या मुलाने कोणता धडा वाचावयाचा हे ठरून जाते.

ठरलेला धडा ठरलेल्या मुलाने वाचून दाखविणे ही केवळ आपलीच खोड आहे असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडात 1862 साली शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर बांधण्याची पद्धत सुरू झाली. कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे पोटापाण्यासाठी शाळा-तपासनिसाची नोकरी करीत, आणि त्यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर कठोर टीका केली. नीट तयारी करवून घेतली तर ज्या मुलास वाचता येत नाही त्यासही वाचनाच्या परीक्षेतून पार करता येते, असा त्यांचा अनुभव होता. त्याचा पडताळा मला झरी-जामणी तालुक्यातील एका शाळेत, तोही पंधरा मिनिटांच्या आत, आला. तिसरीतील एका तरतरीत मुलाने भाषेच्या पुस्तकातील पाठ अस्खलित म्हणून दाखविला. त्याची दृष्टी मात्र पुस्तकावर नसून खिडकीबाहेर बांधलेल्या बकरीवर होती, आणि पान उलटावयाचे राहून गेले तरी त्याचे वाचन अडले नाही. त्याच खिडकीच्या तुटलेल्या काचेच्या जागी कापूस-बियाण्याचे रिकामे पाकीट कोणी कोंबून ठेवले होते. ते काढून मी त्याच्या हाती दिले, तेव्हा तो हसला आणि उभाच राहिला. शेजारच्या एका मुलीने ते आपण होऊन घेतले. ‘संकरित’ हा शब्द तिने तीन तुकड्यांत वाचला, ‘उगवणशक्ती’पाशी ती अडली, पुन्हा मागे गेली, अक्षरे फोडून बोट ठेवीत म्हटली, आणि "म्हंजे किती बी निंगते ते," असे गुरुजींकडे न पाहता सांगून मोकळी झाली. हुशार म्हणून पुढे केलेला मुलगा तो होता, ही नव्हती. गुरुजींच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते मला त्या शाळेविषयी त्यांच्या सर्व नोंदवह्यांपेक्षा अधिक सांगून गेले.

तरीदेखील, वर्गात बसलेल्या मुलास काय वाचता येते यावरच थांबणारी परीक्षा आमच्या जिल्ह्यात अपुरी ठरते, कारण येथे खरा प्रश्न वर्गात न बसलेल्या मुलाचा आहे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे राज्यातील इतर शाळांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पेरणी, निंदण, डवरणी यांत आषाढ-श्रावण जातो, तरी मुले शाळेत असतात. दसरा उलटून बोंडे फुटू लागली म्हणजे पट ओसरू लागतो. वेचणीची मजुरी किलोवर असल्यामुळे बाई तान्हे पोर घेऊन शेतात बसली तर तिचा रोज बुडतो. तेव्हा तान्हे सांभाळावयास चौथीतली थोरली मुलगी घरी राहते आणि तिच्याहून मोठा भाऊ ओटीत कापूस भरू लागतो. पुसद, उमरखेड, महागाव या बाजूच्या तांड्यांवरून तर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस निघून जातात आणि उन्हे तापल्यावर परततात. वर्षाची सरासरी उपस्थिती काढली की हे चार महिने आकड्यांत बुडून दिसेनासे होतात. म्हणून शाळेचा दर्जा ठरविण्यासाठी मला एकच कागद मागावयाचा झाला तर मी निकालपत्र मागणार नाही, गेल्या कार्तिक-मार्गशीर्षाचा हजेरीपट मागेन. जी शाळा वेचणीच्या दिवसांत गैरहजर मुलाच्या घरी जाते, आणि तो परतल्यावर त्यास ‘मागे पडला’ म्हणून कोपऱ्यात न बसविता तो जेथे थांबला तेथून पुन्हा हात धरून चालविते, ती शाळा चांगली. तिच्या भिंती पांढऱ्या असल्या तरी चालतील.

आमच्याकडे ज्यास दाखलखारीज म्हणतात त्या रजिस्टरात शेवटाकडे ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. जुन्या रजिस्टरांतील तो रकाना सवडीने वाचण्यासारखा आहे. ‘बाहेरगावी गेल्यामुळे’, ‘सतत गैरहजर’, पुन्हा ‘सतत गैरहजर’, खाली तीच अक्षरे, त्याच शाईत. नाव कमी करणाऱ्याने ‘गैरहजर’ हे कारण लिहिले खरे, पण गैरहजेरीचे कारण लिहावयास त्या रकान्यात जागाच नव्हती. आता कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे नाव असे काढून टाकता येत नाही, त्यामुळे नाव राहते आणि मूल जाते. मुलांना काय येते हे तपासणाऱ्या, ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. परंतु 2005 पासून त्यांची माणसे मुलाची परीक्षा शाळेत न घेता त्याच्या घरी जाऊन घेतात, ही त्या रीतीतील मर्माची गोष्ट आहे. शाळेतील चाचणी हजर मुलांची होते. घराच्या ओसरीवरची चाचणी सर्वांची होते.

दुसरी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती विशेष आहे. मूल शाळेत येताना कोणती भाषा घेऊन येते, याचा विचार गुणपत्रकात होत नाही. कोलाम पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे गोरमाटी बोलते, कोठे गोंडी चालते, आणि ज्यांची घरभाषा मराठी तेदेखील वऱ्हाडी घेऊन येतात. कोलामी तर द्राविड कुळातली, मराठीशी तिचे रक्ताचे नातेच नाही. शहरातील प्राध्यापकाचा मुलगा पहिलीच्या पुस्तकातील निम्मे शब्द घरूनच घेऊन आलेला असतो, आणि पोडावरच्या मुलास ‘बसा’, ‘उठा’ येथूनच परकेपणा सुरू होतो. दोघांसही वर्षाअखेर सारखे गुण मिळाले तर दोन्ही शाळा सारख्या म्हणावयाच्या काय? एका पोडावरच्या शिक्षिकेने पहिलीच्या मुलांकडूनच त्यांचे शब्द गोळा करून देवनागरीत एका जाड वहीत लिहून ठेवले होते. प्रत्येक चित्राखाली आधी त्यांचा शब्द, मग मराठी. ती वही कोणत्याही तक्त्यातील मानकात बसत नव्हती, तपासणीस आलेल्यांनी ती मागितली नव्हती, आणि त्या बाईंनीही ती दाखविण्याची घाई केली नाही. बदली झाल्यास ती वही येथेच ठेवून जाईन, असे त्या सहज बोलून गेल्या. मला त्यांच्या बदलीचीच धास्ती वाटली.

पटाचा विषय आला म्हणजे सर्वांची तोंडे कडू होतात. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुले व बाकावरची मुले यांतील अंतर चव्हाट्यावर आले, ते योग्यच झाले. पण त्यानंतर पट हाच दर्जा अशी एक समजूत रुजली. 2023 च्या सप्टेंबरात वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करता येतील काय याची चाचपणी सुरू झाली, तेव्हा पोडांवर आणि तांड्यांवर जी भीती पसरली ती अकारण नव्हती. शिक्षक एकच असल्यामुळे पालक मूल काढतो, मूल काढल्यामुळे पट घटतो, पट घटल्यामुळे दुसरा शिक्षक मिळत नाही. या चक्रात शाळेचा दर्जा कोणी पाहिलाच नाही; प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याने काय केले ते पाहिले. सहा वर्षांच्या कोलाम मुलीस नाला ओलांडून पाच किलोमीटर दूरच्या उत्तम शाळेत पाठविणे म्हणजे तिला कोणत्याच शाळेत न पाठविणे, हे समजण्यास अहवालाची जरूर नाही.

गावच्या शाळेची धनी जिल्हा परिषद, आणि या जिल्हा परिषदा ज्या समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे आमच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. सत्ता गावाजवळ यावी हा त्यामागचा हेतू होता. त्याच हेतूची पुढची पायरी म्हणजे 2009 च्या कायद्यातील शाळा व्यवस्थापन समिती. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सभा भरत नाही, सभेचे रजिस्टरच घरोघर फिरते आणि सह्या व अंगठे गोळा करून परतते. जेथे ती खरोखर भरते तेथे मात्र कधीकधी असा प्रश्न निघतो की जो 46 मानकांस सुचला नाही.

दिग्रस तालुक्यातील एका गावी अशा सभेस मी बसलो होतो. विषयपत्रिकेवर कुंपणाचा दरवाजा आणि सादिल खर्चाचा हिशेब होता. समितीतील एक बाई, स्वतः वेचणीस जाणाऱ्या, मध्येच म्हणाल्या की शेजारची अंगणवाडी आम्ही शेतातून परतेपर्यंत उघडी ठेवता आली, तर लहानगी तेथे राहतील आणि थोरल्या पोरी शाळेत येतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविल्या, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती याच अडचणीवरची तोड होती. त्या बाईंनी कोसबाडचे नाव ऐकलेले असण्याचा संभव कमी. मुख्याध्यापकांनी त्यांचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः उतरवून घेतले, आणि मग अवघडल्या स्वरात खुलासा केला की अंगणवाडी महिला व बालविकासाकडे येते, शाळा शिक्षण विभागाकडे, तेव्हा अर्ज दोन करावे लागतील. बाई म्हणाल्या, "मंग दोन करा. पन सोयाबीन निंगायच्या आंधी करा, कापूस त्याच्या मागंच येते."