मोठ्या इंजिनाला मोठेच हेड हवे काय?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमचे हात थान मोजण्यात झिजले, पाना-पक्कड धरण्यात नव्हे. तेव्हा मोटारीच्या इंजिनावर आम्ही कलम का उचलावे, असे काही बांधव विचारतील. त्याचे कारण असे की, मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत शिकागोजवळ आमच्या भाच्याकडे दीड महिना राहण्याची संधी आम्हाला मिळाली. भाचा तिथे इंजिन बांधणीचे लहानसे वर्कशॉप चालवतो. आम्ही रोज त्याच्याबरोबर जाऊन कोपऱ्यात स्टूल टाकून बसत असू. तिथे सिलिंडर हेडचा एक सौदा आम्ही डोळ्यांनी पाहिला. त्या सौद्यात जे पणाला लागले होते, ते आपल्यातल्या प्रत्येक दुकानदाराच्या आणि कारागिराच्या कामाचे आहे.

गिऱ्हाईक म्हणजे पासष्टीचा एक निवृत्त ट्रकचालक. त्याच्याकडे १९७० सालची शेव्हरोले कंपनीची शेव्हेल गाडी. तिच्यात ४५४ क्युबिक इंचाचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. आपल्या जुन्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन वाचकांना आठवत असेल. तशी पाच इंजिने एकत्र केली तर हे एक होते. अमेरिकेत अशा मोठ्या इंजिनाला 'बिग ब्लॉक' म्हणतात. शेव्हरोलेने या घराण्यातले ३९६ क्युबिक इंचाचे इंजिन १९६५ साली बाजारात आणले आणि १९७० साली ४५४ चे. आज अशा गाड्या हौसेने सांभाळल्या जातात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून त्या काळात झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात बाहेर काढतात.

म्हाताऱ्याने आल्या आल्या सांगितले, "मला चौकोनी पोर्टचे, सगळ्यात मोठे हेड पाहिजे." पैसे रोख मोजण्याची त्याची तयारी होती. माल मागवावा आणि पैसे गल्ल्यात टाकावेत, एवढेच बाकी होते. भाच्याने पैशांना हात लावला नाही. त्याने उलट विचारले, "काका, गाडी चालवणार कुठे?" म्हातारा म्हणाला, "कुठे म्हणजे? बायकोला घेऊन नातवंडांकडे जाणार, रविवारी फिरायला नेणार." भाचा म्हणाला, "मग ते हेड तुमच्यासाठी नाही."

हेड म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय

ज्या बांधवांना गॅरेजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिनाचा ब्लॉक म्हणजे धड, त्यात पिस्टन वरखाली होतात. हेड त्याच्यावर झाकणासारखे बसते. हवा-पेट्रोल आत येण्याची आणि जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट याच हेडमधून आहे. त्या वाटेला पोर्ट म्हणतात आणि वाटेवरचा दरवाजा म्हणजे व्हॉल्व्ह.

शेव्हरोलेच्या बिग ब्लॉकमध्ये मुख्यतः दोन जातीची हेडे आली. एक लंबगोल पोर्टचे, दुसरे चौकोनी पोर्टचे. लंबगोलाची वाट लहान, साधारण अडीचशे सीसीच्या आसपास. चौकोनी पोर्टची वाट तीनशे सीसीच्या वर. हवेचा व्हॉल्व्ह लंबगोलात बहुधा २.०६ इंचाचा, चौकोनीत २.१९ इंचाचा. कागदावर पाहिले तर चौकोनी पोर्ट वरचढ दिसतो. म्हाताऱ्याचे मित्रही त्याला तेच सांगत होते.

पण हवा आत जाते ती नुसती वाट रुंद आहे म्हणून नव्हे. तिला वेगही पाहिजे. वाट बेताची असेल तर हवा जोराने येते आणि पिस्टन वर चढू लागला तरी त्या जोरावर सिलिंडर भरत राहतो. वाट फार रुंद असेल आणि इंजिन सावकाश फिरत असेल, तर हवा रेंगाळते, काही भाग मागे ढकलला जातो आणि कार्बोरेटरमधून आलेले पेट्रोल हवेत नीट मिसळून राहत नाही. अशी गाडी सिग्नलवरून निघताना आचके देते आणि पेट्रोल पिते.

भाच्याने म्हाताऱ्यापुढे कागदावर हिशेब मांडला. त्याच्या गाडीचा मागचा गिअर ३.३१ चा आणि चाकाची उंची २७ इंच. ताशी ६० मैलांना, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरला, ते इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या आतच फेरे घेते. शहरात तर त्याहून कमी. चौकोनी पोर्टचे हेड आपला खरा गुण दाखवू लागते साडेतीन-चार हजारांच्या पुढे. म्हणजे ज्या जागी हे हेड कामाला येणार, तिथे म्हाताऱ्याची गाडी वर्षातून चार वेळाही जाणार नव्हती.

१९७० चा दाखला

म्हातारा सहज मानणारा नव्हता. तो म्हणाला, "१९७० साली कंपनीने सगळ्यात जोरदार शेव्हेलला चौकोनी पोर्टच लावले होते. कंपनी काय वेडी होती?" हा सवाल रास्त होता आणि त्याचे उत्तर कंपनीच्याच आकड्यांत आहे.

त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ चे इंजिन दोन प्रकारांत मिळत असे. एलएस-५ हे लंबगोल पोर्टचे, ३६० हॉर्सपॉवरचे. एलएस-६ हे चौकोनी पोर्टचे, ४५० हॉर्सपॉवरचे. त्या काळच्या मोजणीचा हा फरक ९० हॉर्सपॉवरचा, ऐकणाऱ्याचे डोळे दिपतील असा. पण ओढण्याची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, ती दोघांचीही ५०० पौंड-फूटच लिहिलेली आहे. एलएस-५ ती ३२०० फेऱ्यांवर देत असे, एलएस-६ ३६०० वर. जास्तीचे हॉर्सपॉवर आले ते वरच्या फेऱ्यांत, ५६०० च्या जवळ. शिवाय एलएस-६ ला कॅमशाफ्ट वेगळा, कॉम्प्रेशन ११.२५ चे आणि पेट्रोल त्या काळचे शिसे घातलेले. एकटे हेड उचलून आणले म्हणून बाकीचे सामान आपोआप मागून येत नाही.

हेडच्या मागे लागणारा खर्च

हेड निवडताना आणखी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे आम्ही भाच्याकडून समजून घेतले. या धंद्यातल्या तरुणांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट चेंबरची. ४५४ च्या एका सिलिंडरची जागा सुमारे ९३० सीसी. पिस्टन सपाट असेल, गॅस्केट वगैरेची जागा १८ सीसी धरली आणि हेडचे चेंबर ११९ सीसीचे असेल, तर कॉम्प्रेशन ७.८ च्या आसपास येते. चेंबर १०० सीसीचे घेतले की तेच ८.९ होते. म्हणजे पोर्टच्या आधी चेंबर मोजावे. उघड्या चेंबरसाठी बनवलेला घुमटाचा पिस्टन बंद चेंबरच्या हेडखाली घालू नये, तो हेडला जाऊन आदळतो.

दुसरी गोष्ट धातूची. ॲल्युमिनियमचे हेड लोखंडीपेक्षा बरेच हलके. ते उष्णताही लवकर सोडते, म्हणून त्याच पेट्रोलवर थोडे जास्त कॉम्प्रेशन चालते. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल १९९६ पासून बंद झाले. शिशामुळे जुन्या व्हॉल्व्ह-सीटांचे रक्षण होत असे. म्हणून फार जुने लोखंडी हेड घ्यायचे तर धुराच्या बाजूला कडक सीट बसवून घ्याव्या लागतात.

तिसरी गोष्ट जुन्या मालाची. जुने हेड स्वस्त दिसते. मग तडा तपासा, गाईड बदला, सीट कापा, फेसिंग करा, नवे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग घाला. सगळी बिले जोडली की रक्कम नव्या ॲल्युमिनियम हेडच्या जवळ जाऊन पोहोचते. चौथी गोष्ट जोडीची. लंबगोल हेडला लंबगोल मॅनिफोल्ड आणि चौकोनीला चौकोनी. चौकोनी घेतले की नवा मॅनिफोल्ड आला, वरच्या फेऱ्यांचा कॅम आला, टॉर्क कन्व्हर्टर आणि मागचा गिअरही बदलावा लागला.

पाचवी गोष्ट आकड्यांच्या मोहाची. हेड विकणारे हवेच्या प्रवाहाचा सर्वात मोठा आकडा छापतात. तो आकडा बहुधा व्हॉल्व्ह ०.७०० इंच उघडला असतानाचा असतो. रस्त्यावरच्या गाडीचा कॅम व्हॉल्व्ह अर्धा इंच किंवा थोडा जास्त उघडतो. शिवाय व्हॉल्व्ह मधल्या उघडीवरून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना, आणि टोकाला एकदाच पोहोचतो. म्हणून आकडा वाचायचा तो मधला वाचावा.

मोठे हेड वाईट असते, असे आमचे म्हणणे नाही. शर्यतीच्या गाडीला, किंवा स्ट्रोक वाढवून पाचशे क्युबिक इंचाच्या पुढे नेलेल्या इंजिनाला मोठी वाट लागतेच. फार लहान वाटही कामाची नसते. कंपनीने पुढे ट्रकसाठी काढलेली अगदी लहान पोर्टची हेडे ओझे ओढायला चांगली, पण वर फिरवायला गेले की त्यांचा दम लवकर संपतो. सवाल लहान-मोठ्याचा नाही, वापराचा आहे.

नफा कोणता

म्हातारा त्या दिवशी रागावून निघून गेला. संध्याकाळी आम्ही भाच्याला म्हटले, "बेटा, महिन्याचे भाडे द्यायचे आहे. त्याला हवे ते दिले असतेस तर मॅनिफोल्ड, कन्व्हर्टर, गिअर, सगळ्यात चार पैसे सुटले असते." तो म्हणाला, "मामू, दोन वर्षांपूर्वी एका पोराला हट्टापायी मोठे हेड लावून दिले होते. गाडी चढावर मरू लागली. त्याने गावभर सांगितले की वर्कशॉप बेकार आहे. हेड त्याने मागितले होते, पण नाव माझे गेले. शेवटी माझ्या पैशाने सगळे उतरवून दुसरे बसवले."

आम्ही गप्प झालो. आपल्या दुकानातही हेच चालते. गिऱ्हाईक रोजच्या वापराची चादर घ्यायला येते आणि नंबर बारीक म्हणून महाग माल मागते. आपण काढून देतो. चार धुण्यांत चादर विरते आणि गिऱ्हाईक परत येत नाही. आपण मात्र बाजार मंद आहे म्हणून रडतो.

आठ-दहा दिवसांनी म्हातारा परत आला. चार ठिकाणी विचारून आला होता. लंबगोल पोर्टचे, २९० सीसीचे ॲल्युमिनियम हेड, बेताचा कॅम आणि आहे तोच गिअर, असे ठरले. आमच्या परतीच्या आदल्या आठवड्यात गाडी तयार झाली. त्याने आम्हाला शेजारी बसवून फिरवले. सिग्नलवरून गाडी अशी सरळ उचलत होती की पाठ सीटला टेकत होती, आणि मागे बसलेल्या त्याच्या बायकोशी बोलताना आवाज चढवावा लागत नव्हता. भाच्याला या कामात कमी पैसे सुटले, हे खरे आहे. पण आम्ही निघालो तोवर म्हाताऱ्याच्या ओळखीचे दोन जण आपापली इंजिने घेऊन आले होते.

आमची आपल्या कारागीर आणि दुकानदार बांधवांना एवढीच विनंती आहे. गिऱ्हाईक काय मागते ते जरूर ऐकावे, पण माल काढण्यापूर्वी तो कुठे आणि कसा वापरणार, हे एकदा विचारावे. आणि उत्तर ऐकून, गरज पडली तर, हातात आलेले पैसे परत करण्याची हिंमत ठेवावी.