कमानपाट्याला भंगार म्हणणाऱ्यांना

घरी सुरी घडवायची तर डी-टू पोलाद आणा, नाहीतर ईएन ३१. गावचा लोहार वापरतो तो ट्रकचा कमानपाटा म्हणजे भंगार, असा उपदेश हौशी मंडळींना हल्ली छातीठोकपणे केला जातो. उपदेश करणाऱ्याला पोलादाचे तक्ते पाठ आहेत. भट्टीपुढे मात्र तो कधी बसलेला दिसत नाही.

डी-टूमध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कार्बन असतो. त्याला नीट पाणी द्यायचे तर हजार अंश सेल्सिअसच्या वर नेऊन तिथेच बराच वेळ स्थिर ठेवावे लागते. भाता मारत, कोळशात, तापमापक नसताना ते कोण ठेवणार? पात्याचे एक टोक पिवळे होते तेव्हा दुसरे जेमतेम लाल असते. ईएन ३१चे दुखणे तेच. त्यातला एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम एकमेकांना घट्ट धरून बसतात. घाई केली तर अर्धवट विरघळतात, ताव जास्त झाला तर पोलादाचे कण मोठे होऊन पाते काचेसारखे तडकते. तक्त्यातला कडकपणा कारखान्यातल्या भट्टीचा असतो, तुमच्या अंगणातल्या नव्हे.

साधे पोलाद गंजते म्हणे. पुसून तेल लावा.

तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, त्यामुळे ट्रकचे मोडके पाटे इथे नवलाचे नाहीत. त्यांत कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के. बांबूवर घाव घालणाऱ्या कोयत्याला हेच हवे: वाकेल, पण तुटणार नाही. १९४५ साली इथल्या वारली मजुरांनी ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले होते. वजनावर मजुरी घेणाऱ्याला बोथट विळा परवडत नाही. त्याच्या निवडीला अडाणी ठरवणे हा जुनाच उद्दामपणा आहे.

जुन्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते, एवढा एक आक्षेप खरा. म्हणून स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीसाठी मी नवे, साधे पोलाद सांगेन: सी ७५ किंवा १०८४, कार्बन पाऊण ते ०.८५ टक्क्यांच्या आसपास. चुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवा, म्हणजे सुमारे ७७० अंश. त्याहून थोडे वर नेऊन कोमट तेलात बुडवा. मग लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, दोन वेळा. रंग सावलीतच पाहा. उन्हात लाली फिकी दिसते आणि पाते नको तितके तापते.