कपाटांतील वाद्यें

बहुतेक शाळांतून असें एक कपाट असतें कीं, त्याची किल्ली कोणापाशीं आहे हें चार जणांस विचारल्याखेरीज कळत नाहीं. त्यांत एक पेटी, तबला-डग्ग्याची जोडी, क्वचित् एखादा तंबोरा असतो. स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे तें उघडतें; आणि पेटीचा एक सूर मुका झाला आहे, दुसरा बोट न लावतां वाजतो आहे, तबल्याची पुडी उतरली आहे, असें दिसून आलें कीं, 'पोरांनीं बिघडविलें' हा निकाल ठरलेला! आमचें मत याच्या उलट आहे. हीं वाद्यें मुलांच्या हातांनीं जितकीं बिघडतात, त्याहून किती तरी अधिक मुलांचे हात न लागल्यामुळें बिघडतात.

पेटीचेंच पाहूं. हार्मोनियम या नांवाचें वाद्य पॅरिसच्या दबें यानें १८४२ सालीं आपल्या नांवें नोंदविलें. आपल्याकडे तें मांडीशीं घेऊन बसावयाचें, हातानें भाता मारावयाचें झालें. तिचे सूर म्हणजे पितळेच्या पातळ जिभा. नित्य वारा खेळत राहिला तर त्या मोकळ्या राहतात. बंद कपाटांत पावसाळ्याची ओल लागली कीं पितळ काळवंडतें, पट्ट्या फुगून अडकतात, आणि भात्याचें कातडें झुरळांच्या व उंदरांच्या स्वाधीन होतें. सूर मुका झाला तर बहुधा जिभेखालीं धुळीचा कण अडकलेला असतो. ती पट्टी दाबून चार वेळां भाता जोरानें मारावा. एवढ्यानें न सुटल्यास शिक्षकांच्या देखत झांकण काढून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच फिरवावी. चाकू मात्र लावूं नये. जीभ टोंकाशीं घासली तर सूर चढतो, मुळाशीं घासली तर उतरतो. तें काम कारागिराचें. पट्टी करकरते म्हणून तेल सोडणारे महाभागही आम्हीं पाहिले आहेत. तेलावर धूळ बसून तिचा चिखल होतो, एवढेंच त्यांचें फळ.

तबल्याची शाई लोखंडाची बारीक पूड व खळ यांची केलेली असते. ओला हात किंवा घाम हा तिचा शत्रु. पुडी उतरली म्हणून तबला उन्हांत ठेवण्याची खोड फार आहे. त्यानें घटकाभर सूर चढतो खरा, पण कातडें सुकून शाईस तडे जातात. हातोडीनें गजऱ्यावर वरून बेतानें ठोकल्यास सूर चढतो, खालून ठोकल्यास उतरतो. आणि ठोके एकाच जागीं न देतां सभोंवार द्यावयाचे असतात. दहा वर्षांच्या मुलास हें शिकवावयास एक तास पुरेसा आहे.

तंबोऱ्याची खुंटी घसरत असेल तर तीस खडू घासावा. शाळेंत खडूस काय तोटा? भोपळा मात्र नाजूक, त्यास धक्का लागूं देऊं नये. मिरजेचे तंबोरे ज्यांनीं नांवारूपास आणले, तीं घराणीं मूळचीं हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांचीं. हातांतलें कसब त्यांनीं एका कामावरून दुसऱ्याकडे वळविलें आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. अशा हातांचें काम आपण धूळ खात ठेवावें काय?

'मुलें मोडतील' हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. एखादी तार तुटेल, एखादी वादी सैल होईल, कबूल. तारेची किंमत ती किती? ज्याच्या घरीं पेटी आहे त्याचें शाळेच्या कुलपानें कांहीं अडत नाहीं. ज्याच्या घरीं नाहीं, त्याचें गाणें त्या कुलपापाशींच संपतें, आणि अशा मुलांची संख्या आमच्या वर्गांतून थोडी नाहीं. संमेलनाच्या मांडवावर खर्च करतांना आपण हात आखडत नाहीं. वाद्यांच्या दुरुस्तीस अंदाजपत्रकांत एक ओळ मिळूं नये, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. तुटलें कीं नवें घ्यावें म्हणणाऱ्या पालकांस आमची विनंति एवढीच कीं, नव्या पेटीऐवजीं एका दुरुस्तीचा खर्च द्यावा. बोलावणें न आल्यानें पेटी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगाही दुसरा धंदा धरतो. मग पैसे असूनही सूर लावून देणारा मिळत नाहीं.

आमची सूचना अशी : आठवी-नववींतील दोन विद्यार्थ्यांकडे किल्ली द्यावी, शनिवारीं अर्धा तास सर्व वाद्यें बाहेर काढून कोरड्या फडक्यानें पुसावीं व वाजवावीं, जो दोष आढळेल तो वहींत लिहावा. वाद्यांवर प्लास्टिकची पिशवी घालूं नये, तींत ओल कोंडते. सुती खोळ शिवणाच्या तासाला मुलेंच शिवतील. उन्हाळ्याच्या सुटींत, म्हणजे पावसाळ्यापूर्वीं, कारागिरास एक दिवस शाळेंत बोलवावें, ती वही त्याच्या हातीं द्यावी, आणि तो पेटी उघडील तेव्हां त्या दोघां विद्यार्थ्यांनीं जवळ बसून पाहावें.